दिवाणजींचं वाचन

बाजारातलं आमचं जुनं दुकान रिकामं करायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून आधी खाली आली ती धूळ. तिच्यामागून एक मोडका तराजू, कुणाची तरी एकच चप्पल, आणि मग लाल कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, एकामागून एक. चादरीच्या दुकानात चादरींपेक्षा कागद जास्त निघावेत, याचं माझ्या नवऱ्याला फार वाईट वाटलं.

आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. माग, माल, ऑफिस, बिलं काढायचा कॉम्प्युटर, सगळं तिकडंच. बाजारातलं दुकान माझ्या आजेसासऱ्यांनी काढलेलं. सासरे गेल्यावर तिथं फक्त कुलूप राहत होतं.

"रद्दीवाल्याला बोलव," नवरा म्हणाला.

बोलावते म्हटलं, आणि एक गाठोडं सोडून नुसतं बघायला बसले. संध्याकाळी नवरा न्यायला आला तेव्हा मी तशीच बसलेली होते आणि माझ्याभोवती सगळी गाठोडी सुटलेली होती.

काय काय होतं त्यात. बिलांच्या माथ्यावर छापलेली चित्रं होती. कमळातली लक्ष्मी, तिच्या दोन्ही बाजूंना सोंड उचललेले हत्ती. एका व्यापाऱ्याच्या पत्रावर त्याच्या गिरणीचं चित्र होतं आणि धुरांड्यातला धूर कागदाच्या दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला होता. नवऱ्यानं ते बघितलं आणि पहिल्यांदा हसला. म्हणाला, "बाबा सांगायचे, ह्याच्याकडं चार माग होते. धूर फक्त स्वयंपाकघरातून निघायचा." वह्यांच्या पहिल्या पानांवर ‘श्री’ लिहिलेले होते. वरच्या ओळीत एक, खालच्या ओळीत दोन, त्याखाली तीन, असं करत देवळाचं शिखर उभं केलेलं. त्याच्या दोन्ही बाजूंनी त्याच शाईनं काढलेली वेल, आणि वेलीवर इतकी बारीक पानं की ती काढणाऱ्या माणसाला त्या दिवशी दुकानात दुसरं काही काम नसावं.

पानांना छापील रेघा नव्हत्या. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले, तेच समास. काही पानांना हात लावला तर बोटाला अजून वाळूचा कण लागायचा. शाई सुकायला टाकलेली वाळू. ज्यानं ती टाकली तो कधीच उठून गेला होता आणि वाळू अजून झटकायची राहिली होती.

आणि सगळीकडं मोडी. डावीकडून उजवीकडं एक सलग रेघ, तिला खाली लोंबकळणारी अक्षरं. शब्द कुठं संपला, दुसरा कुठं सुरू झाला, काही कळत नाही. मला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

नवरा म्हणाला, "वाचता येत नाही तर ठेवून करायचं काय?"

मी म्हटलं, "दिवाणजींना येतं."

दिवाणजी म्हणजे सासऱ्यांच्या दुकानाचे जुने कारकून. पत्रं, वह्या, हुंड्या, सगळा लिहिण्याचा कारभार त्यांचा. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानात जेवणाचा डबा पोचवायची मला परवानगी होती, पण ती पायरीपर्यंत. पायरीच्या आत पांढरी गादी, गादीवर उतरतं मेज, आणि मेजामागं दिवाणजी. कानामागं लेखणी. मी डबा ठेवला की ते मान वर न करता म्हणायचे, "सूनबाई, भाजी कुठली हाय?" एवढीच आमची ओळख. त्या गादीवर मी कधी बसले नाही. घरातली कुठलीच बाई बसली नव्हती. आणि आता त्या गादीच्या सगळ्या वह्या माझ्या मांडीवर होत्या.

दिवाणजी आता नव्वदीला टेकले आहेत. साखर पेठेत लेकीजवळ राहतात. लेक शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. मी त्यांना ताई म्हणते. मी पहिलं गाठोडं घेऊन गेले तेव्हा दिवाणजी खिडकीपाशी खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते.

"दिवाणजी, ओळखलंत का?"

"आवाज वळखला. भाजी कुठली हाय?"

मी हसले. गाठोडं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी लाल कापडावरून हात फिरवला आणि एकदम ताठ बसले. वरचा कागद उचलून आधी नाकाशी नेला. मग अंगठा अक्षरांवरून डावीकडून उजवीकडं फिरवला. मग हात लांब करून कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हं. ह्यो विजापूरचा. ह्याची लेखणी लई दाबून चालायची. कागदाला पाठीमागून फोड येतात बघा."

मी कागद उलटा करून बोट लावलं. खरंच आले होते.

"काय लिहिलंय?"

दिवाणजींनी कागद मांडीवर ठेवला, आढ्याकडं बघितलं आणि वाचायला सुरुवात केली. "राजमान्य राजश्री, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आपण धाडलेल्या चादरींवर मोर असल्याचे बिलात लिहिले आहे. आम्ही घरातल्या सगळ्यांस दाखविले. एकासही मोर दिसला नाही. कोंबड्या मात्र छान आल्या आहेत. तरी आणखी धाडाव्यात. बायकांस कोंबड्या आवडल्या."

"खरंच असं लिहिलंय?"

"लिवलंय की."

"मग मामंजींनी काय केलं?"

"काय करणार? पुढच्या बिलात मोर खोडून कोंबडी लिवलं."

मला वाटलं, केवढा सराव आहे या माणसाचा, वाचताना कागदाकडं बघावंसुद्धा लागत नाही.

त्यानंतर कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मी साखर पेठेत जायला लागले. ताई चहा करायच्या, कधी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढं ठेवायच्या, आणि दिवाणजी वाचायचे. एका व्यापाऱ्यानं लिहिलं होतं की माल येताना ट्रकमध्ये हळदीची पोती होती, त्यामुळं चादरींना हळदीचा वास लागलाय. गावातली पोरं चादर पांघरून एकमेकांना नवरदेव म्हणून चिडवतायत, तरी सूट द्यावी. दुसऱ्या एकानं सासऱ्यांना कळवलं होतं की त्यांनी पाठवलेला शिकाऊ कारकून कामाला चांगला आहे, पण प्रत्येक अक्षराला वेलांटी अशी काढतो की पत्राऐवजी रांगोळी वाटते. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायचे. रद्दीवाल्याचं नाव त्यानं काढणं सोडलं. जेवताना तोच विचारायचा, "आज काय म्हणतायत विजापूरवाले?"

काही कागद मला माझे मला वाचता यायचे. मालाच्या गाठी उतरवून घेतल्याच्या चिठ्ठ्या देवनागरीत होत्या. त्यांवर हमालांचे अंगठे, एकाखाली एक, सगळे निळे. आणि मधेच एका चिठ्ठीवर अंगठ्याच्या जागी सही. अक्षरं वाकडी, पण एवढी मोठी की दुसऱ्या हमालाला अंगठा उठवायला जागाच राहिली नव्हती. त्याचा अंगठा कागदाच्या पाठीमागं होता.

मी दिवाणजींना सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून हसले. "त्यो. आंबेडकर जयंती झाली आणि तिकडं वस्तीत रात्रशाळा निघाली. महिन्यातच पठ्ठ्या आला आणि म्हणला, दिवाणजी, आजपासून आपण अंगठा देणार न्हाय. मी म्हणलं, कर सही, पण कागद मालकाचा हाय, जरा बारीक कर. तर म्हणला, बारीक सही बारीक माणसानं करावी."

"मग?"

"मग काय. आमी चिठ्ठीची वही मोठी छापून घेतली."

हे मात्र खरं असलंच पाहिजे, कारण पुढच्या चिठ्ठ्या खरोखर रुंद होत्या.

त्या दुकानात लिहिणारे आणखी एकजण होते. बिलं लिहायचे. विणकर घरातले, तेलुगू बोलणारे. मागवाल्यांना तेलुगूत चिठ्ठ्या तेच लिहून द्यायचे. आमच्या घरात त्यांना सगळे बिलकाका म्हणत. त्यांचा विषय निघाला की दिवाणजी तोंड वाकडं करायचे. "मुंगी शाईत पडावी आणि तिनं घरी चालत जावं, असलं त्याचं अक्षर. मालक त्याला बिलांवर ठेवायचे, पत्रावर न्हाय." मग वह्यांच्या पहिल्या पानांचा विषय ते आपणहून काढायचे. श्रींचं ते शिखर आणि ती वेल. "ते माझं. आख्ख्या बाजारात तसं पान कुणाला जमलं न्हाय. दिवाळीला लोक बघायला यायचे." ताई आतून म्हणायच्या, "आबा, हे प्रत्येक लग्नात सांगून झालंय."

असं छान चाललं होतं. मग माझ्याकडून गाठोड्यांची सरमिसळ झाली आणि एक जुनाच कागद नव्यांत गेला. तो मी ओळखला, पण त्यांच्या हातात दिल्यावर. कागदाच्या माथ्यावर हत्ती होता आणि छापताना ठसा झिजलेला असल्यामुळं हत्तीला सोंड नव्हती. विजापूरचा. मोर आणि कोंबड्यांवाला. मी म्हणणार होते की हा झालाय वाचून, तेवढ्यात दिवाणजींनी कागद नाकाशी नेला, अंगठा फिरवला, उजेडात धरला. "हं. विजापूरवाला." आणि आढ्याकडं बघून वाचायला लागले:

"आमचे धाकटे बंधू लग्नाचे आहेत. पाय किंचित आखूड आहे, परंतु सायकलवर बसल्यावर समजत नाही. आपल्या माहितीत मुलगी असल्यास कळवावे. मुलीकडच्यांस आधी सायकलवरच दाखवू."

मी कागद परत गाठोड्यात ठेवला. चहा प्यायले. आणखी एक कागद वाचून घेतला आणि घरी आले.

नवऱ्याला सांगितलं तर त्याला हसू आवरेना. "म्हणजे कोंबड्या खऱ्या की नवरदेव?"

"तेच तर कळत नाहीये."

"आता तूच शीक मोडी," तो म्हणाला. तो चेष्टेत म्हणाला होता.

सात रस्ता चौकाजवळ एका वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मोडीचा वर्ग चालतो. शिकवणारा तरुण इंजिनिअर होता. नोकरी सोडून तो मोडीच्या मागं लागला होता आणि त्याच्या आईला ते पसंत नव्हतं, हे त्यानं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. वर्गात बहुतेक पेन्शनवाले. एक वकिलांचे कारकून होते, त्यांना फक्त जमिनीचे कागद वाचायचे होते. ‘शेत’ आणि ‘वाटणी’ हे दोन शब्द ओळखता यायला लागल्यावर ते यायचे बंद झाले. मला शाळेत ऱ्हस्व-दीर्घानं फार छळलं होतं. मोडीत ती भानगडच नाही, सगळ्या वेलांट्या एकाच बाजूच्या, हे कळल्यावर मी मनापासून अभ्यासाला लागले. तरी ‘र’ आणि ‘ह’ माझे एकमेकांत घुसायचे, आणि ‘माल’ लिहिलं तर आमचे सर विचारायचे, "हे ‘माळ’ आहे की मांजर?"

पुष्कळ रविवार गेले. कारखान्यात टॉवेलच्या खोक्यांवर मी मोडीत नंबर लिहायला लागले तेव्हा नवऱ्यानं हात जोडले. आणि एके दिवशी, पावसाळा संपत आला असताना, मी सोंड नसलेल्या हत्तीचा कागद समोर घेतला आणि अक्षर अक्षर लावत गेले. सगळी दुपार गेली. शेवटी जे हाती लागलं ते असं होतं: माल पोचला. एका गाठीस पाणी लागून कापड ओले आहे. बाकी मजकूर समक्ष.

कोंबडी नाही, मोर नाही, सायकल तर नाहीच.

मी दुसऱ्या दिवशीच साखर पेठेत गेले. रागानं नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ताई भाजी निवडत होत्या. दिवाणजी नेहमीसारखे खिडकीत वर्तमानपत्र धरून.

"दिवाणजी, मी मोडी शिकले."

"व्हय? चांगलं केलं की."

"हे पत्र मी वाचलं. विजापूरचं." आणि मी मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचायला फार वेळ लागला नाही.

दिवाणजींनी सगळं ऐकून घेतलं. "मग?" ते म्हणाले. "एवढंच हाय का त्यात?"

"एवढंच."

"मी सांगितलेलं जास्त चांगलं होतं का न्हाय?"

"होतं. पण ते कुठून आलं?"

ते जरा सावरून बसले, आणि मला वाटलं होतं तसे मुळीच ओशाळले नाहीत. "हे बघा सूनबाई. पोस्टमन दुकानात आला की पत्र मोठ्यानं वाचायचं, ही रीत. गादीवर गिऱ्हाईक, पायरीवर हमाल, समोरचा दुकानदार पान खायच्या निमित्तानं उभा. आता पत्रात कोण लिवील की तुमचे मोर कोंबडीसारखे आलेत? संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात बोभाटा. भावाचा पाय आखूड हाय हे कोण लिवील? म्हणून पत्रात नुसतं माल पोचला. आणि खाली, बाकी समक्ष. मग तो विजापूरवाला यायचा, मालकाबरोबर जेवायला बसायचा, आणि ते समक्ष सुरू व्हायचं. मी पंक्तीला असायचो. मी तुमाला ते वाचून दाखवत होतो."

"म्हणजे कोंबड्या खऱ्या?"

"कोंबड्या खऱ्या. नवरदेव बी खरा, पण तो बार्शीवाल्याचा भाऊ. त्या दिवशी माझी जरा मिसळ झाली."

"आणि हळदीचा वास?"

त्यांनी थोडा विचार केला. "ते मला बसल्या बसल्या सुचलं."

ताईंनी भाजीचं ताट खाली ठेवलं. "आबा, तुम्हाला कागदावरचं दिसतं तरी का?"

दिवाणजींनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"आबा, मी विचारते आहे."

"उजेड दिसतो. कागद हाय एवढं समजतं. हात कुणाचा ते अंगठ्याला कळतं."

"मग रोज सकाळी तासभर पेपर घेऊन काय करता?"

"धरतो," दिवाणजी म्हणाले. "पेपर न धरता बसलो तर तू भाजी निवडायला देतीस."

ताईंना हसावं की रडावं कळेना. मोतीबिंदू आहे, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं, पण दिवाणजी "दिसतंय की मला" म्हणून टाळत आले होते आणि पेपर बघून घरच्यांचा विश्वास बसला होता. ताईंनी त्या दिवशी पुष्कळ समजावलं. ते ऐकेनात. या वयात डोळे घेऊन काय करायचं, जे बघायचं ते बघून झालंय, वगैरे. शेवटी मी म्हटलं, "दिवाणजी, तुमचं ते श्रींचं पान माझ्याकडं आहे. तुमचं अक्षर तुम्हाला पुन्हा बघायचं नाही का?"

यावर त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "ऑपरेशनला लई दुखतं का?"

ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून दिवाणजी खुर्चीत बसले की गल्लीतली पोरं खिडकीतून डोकवायची. चष्मा उतरल्यावर त्यांनी आधी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढलं आणि आपण इतके दिवस काही गमावलेलं नाही, असं जाहीर केलं. मग मला निरोप आला.

मी दोन गाठोडी घेऊन गेले. दिवाणजींनी वरचं पत्र उचललं. नाकाशी नेलं नाही, अंगठा फिरवला नाही. डोळ्यांसमोर धरलं आणि घडाघडा वाचलं. माल पोचला. दुसरं उचललं. माल पाठवावा. तिसरं. मालास उशीर झाला, तरी लवकर पाठवावा. असं बराच वेळ चाललं. ताईंना डुलकी लागली. मीही जांभई दाबत होते. दिवाणजींनी वाचायचा चष्मा काढून पुसला.

"लई रुक्ष माणसं होतो आमी," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे हे. ते पान दावा."

मी वही काढली, पहिलं पान उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. शिखर, वेल, बारीक पानं. शाई तपकिरी झालेली, पण रेघ न् रेघ जागेवर. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते खूश होतील म्हणून मी मोबाईल काढून फोटोच्या तयारीत होते.

ते पानाकडं बघत राहिले. मग वहीतली दुसरी पानं उलटून बघितली, त्यांनी स्वतः लिहिलेली पत्रांची नक्कल बघितली, पुन्हा पहिल्या पानावर आले. असं दोनदा केलं.

"हे माझं न्हाय," ते म्हणाले.

"काय?"

"माझा श्री डावीकडं झुकतो. हे बघा हितं, पत्राच्या डोक्यावर. झुकलाय का न्हाय? आणि ह्यो बघा, सरळ उभा. देवळापुढच्या दीपमाळेसारखा." त्यांनी पानावर बोट ठेवलं, मग उचललं. "हे त्याचं हाय. बिलवाल्याचं."

ताई जाग्या झाल्या होत्या. "अहो आबा, पण तुम्ही तर आयुष्यभर..."

"सांगत आलो की. मला तसंच आठवत होतं." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "वेल मी काढली असंल. न्हाय, वेल बी त्याचीच. माझ्या हाताला एवढी बारीक पानं कुठली जमायला."

मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. ताईंनी वही मिटून बाजूला ठेवली. मग दिवाणजींनी विचारलं, "तो हाय का अजून?"

बिलकाका होते. अक्कलकोट रोडला, कारखान्यांच्या मागच्या बाजूला, मुलाकडं. आमच्या युनिटपासून चालत जाण्यासारखं. दिवाणजींचं आणि त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. एकानं दुकान सोडलं, दुसरा घरी बसला, आणि मग जाणं-येणं राहून गेलं.

मी दिवाणजींना गाडीतून घेऊन गेले. वही त्यांच्या मांडीवर. रस्त्यानं सायकली आणि मोटरसायकलींची गर्दी. पाळी सुटायची वेळ होती. बिलकाकांच्या घराला लागूनच मुलाचे माग आहेत, त्यामुळं त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. बिलकाका जाडजूड, केस पांढरे शुभ्र, बनियनवर बसलेले. दिवाणजींना बघून ते उठायला लागले आणि अर्ध्यातच पुन्हा बसले.

"जिवंत आहेस होय तू?" ते ओरडले.

"हाय की. डोळे बी नवे घातलेत."

गळ्यात गळे घालणं वगैरे काही झालं नाही. दिवाणजी समोर बसले, वही उघडली आणि पान त्यांच्यापुढं सरकवलं. "हे कुणाचं अक्षर?"

बिलकाका वाकून बघत आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले, "तुझाच की."

"तुझं हाय."

"कादु, कादु," बिलकाका नाही नाही असा हात हलवत म्हणाले. "ते तुझाच. सगळा बाजार बघायला यायचा. तूच सांगायचास की तुझा म्हणून."

"मी सांगायचो, पण हाय तुझं."

"अरे बाबा, मला चांगलं आठवतंय. तू काढलास."

"तुला कुटून आठवंल? मी सांगून सांगून तुला तसं वाटाय लागलंय."

बिलकाकांनी पुन्हा पानाकडं बघितलं. "तसं असेल," ते म्हणाले. "पहिल्यांदा मला वाटायचा, हे मी काढलं होतं. मग तू इतक्या लोकांना सांगितलास. मग मला पण वाटायला लागला, असेल त्याचाच."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की दिवाणजींना खाली बघावं लागलं. पण फार वेळ नाही. "लेखणी आणा," ते म्हणाले. "आत्ता दूध का दूध होऊ दे."

मी बॉलपेन काढलं. दोघांनीही त्याच्याकडं असं बघितलं की मी ते परत ठेवलं. बोरू कुठं मिळणार? बिलकाकांची सून आतून बांबूची एक काडी घेऊन आली, पडदा अडकवायची होती ती. बिलकाकांनी भाजीच्या सुरीनं तिचं टोक तिरकं छाटलं, नखावर घासून बघितलं, पुन्हा छाटलं. शाई म्हणून मागांच्या खोलीतून शिक्क्याची बाटली आली, जांभळी. कागद म्हणून टॉवेलच्या खोक्याचं झाकण.

दिवाणजींनी आधी लिहिलं. श्री डावीकडं झुकला आणि तसाच राहिला, वाऱ्यात उभं राहिल्यासारखा. मग बिलकाकांनी काडी घेतली. त्यांची काडी खोक्याला टेकायच्या आधी हवेतच दोनदा फिरली. पण टेकल्यावर त्यांनी श्वास रोखला, आणि श्री खाली उतरला तो सरळ. शेपटाशी शाई फुटली, वेलांटी जराशी लांबली, पण उभा सरळच.

आम्ही सगळे खोक्यावर वाकलो होतो. बिलकाका काही वेळ त्या जांभळ्या अक्षराकडं बघत राहिले, जणू ते कुणी दुसऱ्यानंच काढलं होतं.

"असेल मग माझा," ते म्हणाले.

"असेल न्हाय. हाय," दिवाणजी म्हणाले आणि खुर्चीला टेकून बसले. वाद जिंकल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर अगदी स्वच्छ दिसत होतं. पान हातचं गेलं होतं, पण आपलं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि त्यांना ते पुरेसं वाटलं असावं.

मग चहा आला. चहाबरोबर जुनी माणसं निघाली, कोण कुणाच्या हातचं बिल बघून हसायचं, कुणाच्या पत्रातल्या शाईला लसणाचा वास यायचा. दिवाणजी म्हणाले, "सूनबाई बी मोडी शिकल्यात." मला वाटलं आता कौतुक होणार. बिलकाकांनी काडी माझ्यापुढं केली. "लिहा."

मी खोक्याच्या कोपऱ्यात रेघ ओढली आणि आमच्या कारखान्याचा पत्ता लिहिला, मला सगळ्यात जास्त सराव आहे तो. दोघांनी मान तिरकी करून बघितलं. मग एकमेकांकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचं इतकं पटलेलं बहुधा पहिल्यांदाच.

"र बसून का ऱ्हायलाय?" दिवाणजी म्हणाले.

"आणि ह त्याच्या मांडीवर," बिलकाका म्हणाले.

"कुणी शिकवलं तुमाला?"

मी इंजिनिअरचं सांगितलं. दोघांनी पुन्हा एकमेकांकडं बघितलं, आणि त्या तरुणाची मला दया आली.

आता कारखान्याची सुट्टी आली की मी दिवाणजींना साखर पेठेतून उचलते आणि बिलकाकांकडं सोडते. पत्रं कुणी वाचत नाही; ती बिचारी एका कपाटात नीट घड्या करून ठेवली आहेत. मला मात्र गृहपाठ असतो. एका सुट्टीपासून दुसऱ्या सुट्टीपर्यंत एक अख्खी ओळ, लेखणी न उचलता, टॉवेलच्या खोक्यांच्या झाकणांवर. दोघं ती झाकणं भिंतीला ओळीनं टेकवून लांबून बघतात. मागच्या खेपेला बिलकाका म्हणाले की र उठून बसलाय, आता त्याला चालायला शिकवा. दिवाणजींचं म्हणणं पडलं की तो अजून झोपेतच आहे. त्यावर त्यांची जुंपली ती मी गाडी सुरू केली तरी चालू होती.